अण्णांचा रेडिओ आणि आग्नेय दिशा

आजचा भाग रेडिओवर आहे, पण एफएमवर नाही. सॅटेलाइट रेडिओवर.

भूमला आमच्या आजोबांकडे, म्हणजे अण्णांकडे, वर्ल्डस्पेसचा सेट होता. मी तेव्हा शाळेत. बाहेर खव्याच्या भट्ट्यांचा धूर, आणि आत माजघरात 'गंधर्व' चॅनेलवर दिवसभर हिंदुस्थानी शास्त्रीय संगीत. मध्ये जाहिरात नाही, खरखर नाही. मराठी गाण्यांसाठी 'सुरभी' होतं, जुन्या हिंदी गाण्यांसाठी 'फरिश्ता'.

हे चालायचं कसं? मार्च २००० मध्ये 'एशियास्टार' नावाचा उपग्रह सोडला गेला. विषुववृत्तावर, १०५ अंश पूर्वेला, साधारण ३६ हजार किलोमीटर उंचीवर. भूमहून तो आग्नेयेकडे, क्षितिजापासून जवळपास ५० अंश वर येतो. सेटबरोबर पुस्तकाएवढा चपटा अँटेना असायचा, तो बरोबर तिकडे रोखायचा. मध्ये भिंत किंवा झाड आलं की आवाज गेला. आमच्याकडे नेमका कडुलिंब आडवा. आजी म्हणाली, "फांदी तोडा." अण्णा म्हणाले, "झाड राहू दे, मीच सरकतो." मग अँटेना पत्र्यावर गेला.

अमेरिकेत हीच अडचण सोडवायला शहरांमध्ये जमिनीवर रिपीटर बसवले, त्यामुळे तिथे हा रेडिओ गाडीत चालतो. आपल्याकडे तसं जाळं उभंच राहिलं नाही. रेडिओ घरात, तोही खिडकीपाशी, अडकून पडला.

२००८ मध्ये मूळ कंपनीने अमेरिकेत दिवाळखोरीचा अर्ज केला आणि ३१ डिसेंबर २००९ ला भारतातली सेवा थांबली. अण्णा पुढे कितीतरी दिवस सकाळी बटण दाबून बघायचे. अँटेना हलला असेल म्हणून मला पत्र्यावर चढवायचे. मी चढायचो. सांगायची हिंमत होत नव्हती.

बीटेकला असताना मी तो सेट उघडला. वाटलं, करू काहीतरी. पण नाही जमलं, आणि जमणारही नव्हतं. त्या सेटला फक्त एकाच सेवेची भाषा कळत होती आणि चॅनेलं कुलूपबंद, म्हणजे एन्क्रिप्टेड होती. पाठवणारा गेला की चांगला धडधाकट सेट नुसता डबा होतो. सॉफ्टवेअर लिहिताना आजही मी हा प्रश्न आधी विचारतो: उद्या सर्व्हर बंद पडला, तर लोकांच्या हातात काय उरेल?

आता कामाचं. ज्यांच्या घरी म्हातारी माणसं आहेत आणि इंटरनेट धड नाही, त्यांनी डीडी फ्री डिश बघा. महिन्याची फी नाही. टीव्हीबरोबर आकाशवाणीची कितीतरी चॅनेलं त्यावर येतात. उपग्रह ९३.५ अंश पूर्वेला, म्हणजे भूमहून पुन्हा आग्नेयच, पण थोडा जास्त वर. बॉक्सची ऑडिओ वायर स्पीकरला जोडा. एकदा चॅनेल लावलं की टीव्ही बंद ठेवला तरी चालतं. एक गोष्ट मात्र लक्षात ठेवा, जोराच्या पावसात सिग्नल जातो. वर्ल्डस्पेसची फ्रिक्वेन्सी खालची होती, तिला पावसाचा फारसा त्रास नव्हता.

आजीकडे मी हेच बसवलं. या वेळी कडुलिंब आडवा आला नाही. डिश त्याच पत्र्यावर आहे, अण्णांच्या अँटेनाच्या शेजारी. तो अँटेना आजीने अजून काढू दिलेला नाही.

तुमच्याही माळ्यावर असा सेट पडला असेल तर कळवा. भेटू पुढच्या भागात.