किरणांची वाट

केवळ प्रकाशानें सारा अवकाश भरून टाकणारी एक कला अलीकडे जगांत मान्यता पावली आहे. २००३ सालीं लंडनच्या टेट मॉडर्न कलादालनांत ओलाफुर एलियासन या कलावंतानें दिवे, धुकें आणि छतावरील आरसे यांच्या योगें एक कृत्रिम सूर्य उभा केला. प्रेक्षक त्याखालीं उताणे पडून राहात.

कोल्हापुरास अंबाबाईच्या मंदिरांत हेंच काम खरा सूर्य करतो. परंपरेनें ९ ते ११ नोव्हेंबर आणि ३१ जानेवारी ते २ फेब्रुवारी या दिवसांत मावळतीचे किरण महाद्वारांतून शिरून क्रमानें देवीचे चरण, ऊर व मुख उजळतात. दोन्ही वेळीं सूर्य विषुववृत्ताच्या दक्षिणेस सुमारें १७ अंशांवर असतो. म्हणून हा योग वर्षांतून दोनदां येतो.

परंतु मंदिराबाहेरील उंच बांधकामें ही वाट अडवितात आणि कित्येकदां किरण मुखापर्यंत पोहोंचतच नाहींत. पोखर्णीस नृसिंहाच्या जुन्या देवळाच्या सान्निध्यांत राहणाऱ्या मजसारख्या सेवानिवृत्त शिक्षकास वाटतें कीं, देवळाचा दगड राखणें पुरेसें नाहीं. बांधणाऱ्यांनीं हिशेबांत धरलेलें आकाशहि राखलें पाहिजे. लंडनचा सूर्य २००४ सालीं उतरविला गेला. कोल्हापूरचा अजून येतो. त्यास वाट देणें आपल्या हातीं आहे.