चित्रात कोण, चित्रामागे कोण?

(स्त्री-कार्यकर्त्यांच्या निवासी शिबिरात ‘कला आणि आपण’ या सत्रात केलेल्या भाषणाचा हा मजकूर. बोलण्याचा बाज शक्यतो तसाच ठेवला आहे.)

काल दिवसभर आपण पोटगी, घरातली मारहाण, रेशनकार्डावरचं नाव यांवर बोललो. त्यानंतर आज कलेच्या इतिहासावर सत्र म्हणजे ताटातलं लोणचं, असं कुणाला वाटलं असेल तर मी रागावणार नाही. पण कालचेच प्रश्न मला आज चित्रांच्या भाषेत मांडायचे आहेत. मालकी कुणाची, कष्ट कुणाचे आणि नाव कुणाचं, हेच ते प्रश्न.

मी चित्रकार म्हणून इथे उभी नाही. मी शाळेत चित्रकला शिकवत आले. एलिमेंटरी आणि इंटरमिजिएटच्या परीक्षांना मुलं बसवते. त्यात मुली कधीच कमी नसतात आणि त्यांचे हातही कच्चे नसतात. मग पुढे या मुली जातात कुठे? हा प्रश्न डोक्यात घेऊन मी कलेच्या इतिहासाची पुस्तकं पुन्हा उघडली.

आमच्या शिक्षणात हा इतिहास यादीसारखा पाठ करून घेतला गेला. रेनेसाँ, बरोक, इम्प्रेशनिझम, क्युबिझम. प्रत्येक वादाखाली चार-पाच पुरुषांची नावं. बाई होती ती चित्रात. देवी, अप्सरा, आई, नाहीतर पलंगावर पहुडलेली विवस्त्र स्त्री. १९७१ साली लिंडा नॉक्लिन या अमेरिकन कला-इतिहासकार बाईंनी एक लेख लिहून सरळ विचारलं की, थोर स्त्री-चित्रकार का झाल्या नाहीत? असा प्रश्न आला की आपण घाईने म्हणतो, ‘होत्या की!’ आणि नावं शोधायला लागतो. नावं शोधायलाच हवीत. पण नॉक्लिन यांचा रोख वेगळा होता. थोर होण्यासाठी शाळा लागते, गुरू लागतो, समोर बसणारा मॉडेल लागतो, काम देणारा आश्रयदाता लागतो. हे सगळं कुणाच्या वाट्याला आलं, ते बघा, असं त्यांचं म्हणणं.

युरोपात शतकानुशतकं सर्वांत मानाचं चित्र म्हणजे पुराणातला किंवा इतिहासातला प्रसंग. त्यासाठी मानवी देहाचा अभ्यास हवा आणि तो नग्न मॉडेलसमोर बसून करायचा. तिथे बायकांना प्रवेश नाही. लंडनच्या रॉयल अकॅडमीच्या १७६८ सालच्या संस्थापक सभासदांत अँजेलिका कॉफमन आणि मेरी मोझर या दोन स्त्रिया होत्या. पुढे झोफनी या चित्रकाराने सभासदांचं समूहचित्र काढलं. पुरुष सभासद नग्न मॉडेलभोवती गप्पा मारत उभे आहेत. या दोघी कुठे? भिंतीवर टांगलेल्या तसबिरींत! पॅरिसच्या सरकारी कलाशाळेने, एकोल द बोझारने, मुलींना दार उघडलं ते १८९७ साली. आधी देहाचा अभ्यास करू द्यायचा नाही आणि मग म्हणायचं, बायका फुलं-फळंच काढतात. हा युक्तिवाद आपल्याला ओळखीचा आहे.

आता जिच्यासाठी मला हे भाषण करावंसं वाटलं, ती बाई. आर्तेमिझिया जेंतिलेस्की. जन्म रोम, १५९३. वडील चित्रकार, म्हणून घरच्या घरी शिकली. सतराव्या वर्षी, १६१० साली, तिने ‘सुझाना आणि म्हातारे’ हे चित्र काढलं. गोष्ट बायबलच्या परंपरेतली आहे. आंघोळ करणाऱ्या सुझानाला दोन प्रतिष्ठित म्हातारे धमकावतात की, आमचं ऐक, नाहीतर तुझ्यावर व्यभिचाराचा आळ घेऊ. कित्येक पुरुष चित्रकारांनी हा प्रसंग बघणाऱ्याच्या डोळ्यांना सुख म्हणून रंगवला. आर्तेमिझियाची सुझाना अंग आक्रसून, मान वळवून, हातांनी त्यांना ढकलते आहे. दगडी बाकाचा गारठा आपल्याला जाणवतो.

पुढच्याच वर्षी वडिलांचा सहकारी आगोस्तिनो तासी याने तिच्यावर बलात्कार केला. १६१२ साली खटला चालला. प्रश्न काय होता? ती आधी कुमारी होती का, आणि लग्नाचं वचन मोडलं का. तिची जबानी खरी की खोटी हे ठरवण्यासाठी तिच्याच बोटांना दोऱ्या आवळल्या गेल्या. चित्रकाराची बोटं! तासी दोषी ठरला, पण शिक्षा त्याला फारशी भोगावी लागली नाही. मथुरा खटल्याचा १९७८ सालचा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आणि त्यानंतरची आंदोलनं ज्यांना आठवतात, त्यांना हे साडेतीनशे वर्षांचं अंतर फार वाटणार नाही.

याच सुमाराला तिने जुडिथ रंगवली. शत्रूच्या सेनापतीचं, होलोफर्नेसचं, मुंडकं उडवणारी जुडिथ. हाच प्रसंग तिच्या थोड्या वर्षं आधी काराव्हाज्जोनेही रंगवला होता. काळोखातून येणारा तीव्र प्रकाश, रक्त, नाट्य ही शैली त्याचीच आणि आर्तेमिझिया ती शिकली. पण त्याच्या चित्रात जुडिथ अंग मागे घेऊन, कपाळाला आठ्या घालून वार करते आणि म्हातारी दासी नुसती बाजूला थांबून बघते. आर्तेमिझियाच्या चित्रात दासी तरुण आहे आणि तिने त्या पुरुषाला वरून दाबून धरलं आहे. दोघींच्या बाह्या वर सारलेल्या. एरवी कणीक मळताना किंवा धुणं पिळताना आपण सारतो तशा. एकटी बाई हे करू शकणार नाही, दोघी लागतील, हे तिला कळलं होतं. शैली तीच, पण सत्य बदललं.

तिची सगळी चित्रं त्या अत्याचारातूनच निघाली, असं मात्र म्हणू नका. सुझाना त्याच्या आधीची आहे. नंतर तिने पुढची चाळीसएक वर्षं चित्रांवर पोट भरलं. १६१६ साली फ्लॉरेन्सच्या कला-अकादमीत सभासदत्व मिळवणारी ती पहिली स्त्री. बाईला तिच्या जखमेएवढीच ओळख देणं हाही तिच्यावर अन्यायच आहे.

इम्प्रेशनिस्टांकडे येऊ. १८७४ सालच्या त्यांच्या पहिल्या प्रदर्शनात बर्थ मोरिझो होती आणि एकूण आठांपैकी सात प्रदर्शनांत तिने भाग घेतला. तिची बहीण एदमाही चित्रं काढायची, पण १८६९ साली लग्न झालं आणि तिची चित्रकला थांबली. मोरिझोच्या प्रसिद्ध ‘पाळणा’ या चित्रात बाळाकडे बघत बसलेली बाई म्हणजे ही एदमा. हे कळल्यावर ते चित्र मला नुसतं गोड वाटेनासं झालं. इम्प्रेशनिझमचे विषय म्हणजे कॅफे, रस्ते, नाट्यगृहं. मोरिझोच्या वर्गातली बाई एकटी कॅफेत बसू शकत नव्हती. म्हणून तिने गॅलरी, बाग, पाळणा रंगवला.

१८८० च्या सुमाराचं तिचं एक चित्र आहे. झाडाखाली बसून अँजेल नावाची दाई मोरिझोच्या मुलीला, ज्युलीला, दूध पाजते आहे. सराईत नजरेला ते मायलेकराचं चित्र वाटतं. पण ही आई नाही, पगारी दाई आहे. खरी आई कुंचला धरून समोर उभी आहे. एकीला चित्र काढायला जो वेळ मिळाला, तो दुसरीच्या दुधातून. आपल्यापैकी किती जणी शिबिराला आल्या, कारण घरी कुणीतरी दुसरी बाई भांडी घासते आहे? मोलकरीण संघटनेत काम करणाऱ्या मैत्रिणी हे माझ्यापेक्षा चांगलं सांगतील. मोरिझोने तो व्यवहार लपवला नाही, हे मला महत्त्वाचं वाटतं.

आता आपल्याकडे. १९४७ साली मुंबईत प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप उभा राहिला. सूझा, रझा, हुसेन, आरा, गाडे, बाकरे, सहाही पुरुष. १९५३ साली या ग्रुपच्या प्रदर्शनात कोल्हापूरच्या भानू राजोपाध्ये यांची चित्रं होती. पुढे त्या सिनेमाच्या वेशभूषेकडे वळल्या. भानू अथैया म्हणून ‘गांधी’साठी १९८३ साली ऑस्कर मिळवणाऱ्या त्या पहिल्या भारतीय. पण आधुनिक चित्रकलेच्या गोष्टीत त्यांचं नाव कितीदा येतं? कापड आणि सुई हाती आली की ‘कला’ची ‘कारागिरी’ होते, हा जुना भेदभाव आहे.

वारलीचंच बघा. लग्नाचा देवचौक, त्यात पालघाट देवी, हे तांदळाच्या पिठाने भिंतीवर काढण्याचा मान सवाशिणींचा. बायकांनी पिढ्यान्‌पिढ्या जपलेलं हे लेखन. १९७० च्या दशकात ते कागदावर आलं, दिल्ली-परदेशात गेलं आणि त्याचं नाव झालं जिव्या सोमा मशे. मशे मोठे कलावंत होते. २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली, ती योग्यच होती. माझा आक्षेप त्यांच्यावर नाही. मी एवढंच बघते की लेखन भिंतीवरून कागदावर आलं, बाजारात गेलं, आणि हात बदलला.

पण हे अटळ नव्हतं. वारली चित्रकला बाहेर आणण्यात ज्यांचा मोठा वाटा, ते चित्रकार भास्कर कुलकर्णी १९६६-६७ च्या दुष्काळात सरकारी हस्तकला मंडळाच्या कामासाठी बिहारमध्ये मिथिलेत गेले होते. तिथे त्यांनी बायकांच्या हातात कागद दिला. जगदंबा देवी, सीता देवी, गंगा देवी ही नावं देशाला कळली. गंगा देवींनी पुढे आपल्या कॅन्सरच्या उपचारांची चित्रमालिका केली. कोहबराच्या, म्हणजे नवरानवरीच्या खोलीच्या, भिंतीवरची रेघ दवाखान्यातली खाट सांगू लागली. दुसाध या दलित जातीतल्या बायकांनी वरच्या जातींची नक्कल न करता आपल्या अंगावरच्या गोंदणातून स्वतःची शैली घडवली. कागद कुणाच्या हाती जातो, पैसे कुणाच्या, सही कुणाची, यावर शैलीचा इतिहास ठरतो.

शेवटचं उदाहरण आपल्या चळवळीच्या अगदी जवळचं. हुंड्याविरुद्ध आपण रस्त्यावर होतो त्या काळात, १९८४ साली, नीलिमा शेख यांनी ‘चंपा मोठी झाली तेव्हा’ अशा अर्थाच्या नावाची बारा छोट्या चित्रांची मालिका केली. त्यांच्या ओळखीतल्या मुलीची ती हकीकत. चंपा सायकल चालवते, झोका घेते, तिचं लग्न होतं, आणि मग सासरचं स्वयंपाकघर, आग. हे त्यांनी लघुचित्रांच्या नाजूक परंपरेत रंगवलं. आपली पोस्टरं ओरडतात, तसं ओरडायलाच हवं. ही चित्रं हळू बोलतात, आणि म्हणून बघणारीला जवळ जाऊन वाकून बघावं लागतं. दोन्हीची गरज आहे.

तर, मैत्रिणींनो, क्युबिझम कधी सुरू झाला हे पाठ नसलं तरी चालेल. कुठल्याही चित्रासमोर, कॅलेंडरसमोर, जाहिरातीसमोर तीन प्रश्न विचारा. चित्रात कोण आहे? ते कुणी काढलं? आणि ते काढता यावं म्हणून कुणी काय कष्ट उपसले?

एक काम आजच करू. आपल्या संघटनांच्या कपाटांत जुनी पोस्टरं, बॅनर, पथनाट्यांचे पडदे पडून आहेत. त्यावर सही नाही, कारण ‘हे सगळ्यांचं आहे’ असं आपण ठरवलं होतं. तो निर्णय विचारपूर्वक घेतलेला होता आणि मला त्याचा आदर आहे. पण आपण होऊन नाव न घालणं वेगळं आणि नाव पुसलं जाणं वेगळं. पन्नास वर्षांनी बघणारीला त्यातला फरक कळणार नाही. म्हणून मागच्या बाजूला पेन्सिलने लिहा : कुणी रेघ काढली, कुणी रंग भरला, कुणी शिवलं, कुठल्या मोर्चासाठी, कुठल्या वर्षी. आठवणाऱ्या बायका आहेत तोवर लिहा. आज दुपारच्या चहानंतर मी कोपऱ्यातल्या टेबलाशी बसणार आहे. ज्यांनी पोस्टरं आणली आहेत त्यांनी यावं, आपण मिळून सुरुवात करू.