नावाची झडती



मी म्हसावदचाच. एसटीने शहाद्याला जाऊन शिकलो, पुढे इंजिनिअर झालो, आता पुण्यात सॉफ्टवेअरचं काम करतो. पहिल्यांदा विमानाने निघालो तेव्हा अम्मीने डब्याबरोबर एक सूचनाही दिली : "विमानात फोनवर कुणाला सलाम करू नकोस." ती स्वतः कधी विमानात बसलेली नाही. ही भीती तिच्यापर्यंत कशी पोहोचली, त्याविषयी मी आज बोलणार आहे.

२३ ऑगस्ट २००६. ॲमस्टरडॅमहून मुंबईला निघालेलं नॉर्थवेस्ट एअरलाइन्सचं विमान वाटेतून परत फिरवलं गेलं. सोबतीला डच हवाई दलाची एफ-१६ विमानं होती. बारा भारतीय मुसलमानांना अटक झाली. त्यांच्या मोबाइल हाताळण्यावरून आणि वागण्यावरून कर्मचाऱ्यांना संशय आला होता. दुसऱ्या दिवशी सगळे सुटले. घातपाताचा काहीही पुरावा मिळाला नाही.

भीती खोटी होती असं मी म्हणणार नाही. त्याच महिन्यात लंडनमध्ये विमानं उडवण्याचा कट उघडकीला आला होता. ११ जुलैला मुंबईच्या लोकलमध्ये स्फोट झाले होते, त्यात सगळ्याच धर्मांची माणसं मेली. सुरक्षा आपल्यालाही हवी आहे. विमानात आपणही बसतो, आपली मुलंही बसतात. प्रश्न एवढाच, की झडती कशाची घ्यायची? सामानाची आणि वागण्याची, की नावाची?

माझ्या धंद्याचा हिशेब सांगतो. समजा, दहा लाख प्रवाशांत एकच खरा घातपाती आहे आणि निरपराध माणूस ओळखताना आपली चाळणी शंभरात एकदाच चुकते. तरीही जवळपास दहा हजार निरपराध लोक बाजूला काढले जातील. चाळणी नावावर लावली, तर ते दहा हजार एकाच समाजातले असतील. आणि खरा गुन्हेगार? दाऊद गिलानीने २००६ साली नाव बदलून डेव्हिड हेडली केलं, अमेरिकी पासपोर्टवर मुंबईत वारंवार येऊन २६/११ च्या हल्ल्यासाठी टेहळणी केली. १९८५ साली 'कनिष्क' विमानात ३२९ माणसं मेली. बॉम्बची बॅग विमानात चढली होती, बॅगेचा मालक चढलाच नव्हता. तिथे बॅग आणि प्रवासी यांची जोडी जुळवायची होती, धर्म विचारून काही हाती लागलं नसतं.

माझ्या बाबतीत घडलं ते अगदी छोटं. फोनवर 'इन्शाअल्लाह' म्हणालो, शेजारच्या प्रवाशाने तक्रार केली. मला रांगेतून बाजूला घेतलं, बॅग पुन्हा उघडली. काही निघालं नाही, विमानही मिळालं. सगळे बघत होते. मी इतका घाबरलो होतो की जाताना त्यांचे आभार मानले. झडतीचं दुःख विसरलो, त्या आभारांची लाज अजून वाटते.

म्हणून तरुणांना सांगतो, नियम माहीत करून घ्या. २०१७ मध्ये डीजीसीएने गैरवर्तन करणाऱ्या प्रवाशांसाठी नियम केले. शिवीगाळ केली तर तीन महिन्यांपर्यंत बंदी, मारहाण केली तर सहा महिन्यांपर्यंत, विमानातल्यांच्या जिवाला धोका निर्माण केला तर किमान दोन वर्षं. निर्णय द्यायला निवृत्त जिल्हा न्यायाधीशांच्या अध्यक्षतेखाली समिती असते. यात सगळा हिशेब वागण्याचा आहे, नावाचा नाही. तुम्हाला उतरवलंच, तर आवाज चढवू नका. कारण लेखी मागा, वेळ टिपून ठेवा, कंपनीकडे आणि डीजीसीएकडे तक्रार करा. आणि हो, कर्मचाऱ्यांनी फोन बंद करायला सांगितलं की बंद करा. तो नियम सगळ्यांना आहे.

आता एक कडू गोष्ट. गेल्या दिवाळीत मी इथल्याच एका दुकानात उभा होतो. डोंगरातून आलेल्या पावरा पोराला दुकानदाराने पिशवी बाहेर ठेवायला लावली. माझ्या खांद्यावरची बॅग त्याला दिसली नाही. दुकानदार आपलाच होता, माझ्या नात्यातला. मी गप्प राहिलो.

इंग्रजांनी १८७१ साली गुन्हेगार जमातींचा कायदा केला. पुढे तो आपल्याकडेही आला आणि पारध्यांसारख्या जमाती जन्मानेच गुन्हेगार ठरल्या. कायदा १९५२ साली रद्द झाला, संशय अजून रद्द झालेला नाही. तो आपल्या गल्ल्यापाशीही बसलेला आहे. विमानतळावर आपण ज्याला अन्याय म्हणतो, तो आठवड्याच्या बाजारात आपणच करत असू, तर आपली तक्रार कोण ऐकेल?

मी त्या दुकानात पुन्हा जाणार आहे. पिशव्या ठेवायच्या असतील तर सगळ्यांच्या ठेवा, माझीही ठेवा, एवढंच सांगणार आहे. तुम्हीही आपापल्या ओळखीच्या दुकानात हे सांगा, अशी विनंती करतो आणि थांबतो.