जुन्या गाडीचे मंद दिवे

संध्याकाळी गुलमंडीच्या बाजारातून गाडी काढताना दुकानांचाच उजेड इतका असतो, की हेडलाइट अधू झालाय हे लक्षातच येत नाही. ते कळतं कन्नडच्या पुढे, औट्रम घाटाच्या वळणावर. म्हणून तपासणी घरीच करा, अंधार पडल्यावर, भिंतीसमोर गाडी उभी करून.

मारुती ८०० सारख्या जुन्या गाडीचे दोन्ही दिवे एकदम गेले, तर लगेच बल्ब आणायला धावू नका. दोन्ही बल्ब एकाच वेळी क्वचितच उडतात. आधी फ्यूज, मग रिले असेल तर तो, मग डिपरचा स्विच पाहा. एकच दिवा गेला असेल, तर डाव्या-उजव्या बल्बची अदलाबदल करा. दोष बल्बाबरोबर सरकला, तर बल्बच गेलेला. हॅलोजनच्या काचेला मात्र बोट लावू नका.

दिवा लागतो, पण पिवळट, मरगळलेला? खरा चकवा इथे आहे. पुष्कळदा अर्थिंगच्या जोडाला गंज चढलेला असतो. बॅटरीच्या ऋण टोकापासून बल्बच्या अर्थिंगपर्यंत एक जादा वायर लावून पाहा. उजेड वाढला, तर तो जोड घासून स्वच्छ करा. बल्बपर्यंतचं व्होल्टेज १० टक्के घटलं, तरी उजेड सुमारे ३० टक्क्यांनी कमी होतो!

यावर उपाय म्हणून १०० वॅटचा बल्ब बसवणं चूकच. जुनी वायरिंग ६०/५५ वॅटच्या बल्बासाठी असते; होल्डर वितळतो आणि समोरच्याचे डोळे दिपतात. घाटात निघण्याआधी, आज रात्रीच भिंतीवरचा उजेड पाहून घ्या.