गाडी आत कुठून यायची?

(मंडळाच्या गणेशोत्सवात केलेले भाषण)



काल इथे गाणं झालं, उद्या मुलांचं नाटक आहे, आणि मध्ये तुम्ही आम्हां रस्तेवाल्यांना बोलावलंत. आम्ही राज्याच्या लोक निर्माण विभागातले. डिप्लोमा झाला तेव्हापासून मुरूम, डांबर आणि मोजपट्टी. विषय कोरडा आहे. पण आपल्यातल्या काही घरांच्या जागा उज्जैन रस्त्याला लागून आहेत, आणि 2028 चा सिंहस्थ डोळ्यांसमोर ठेवून कुणी भोजनालय काढतंय, कुणी पोहे-जिलबीचं दुकान. म्हणून बोलतो.

मंडळी नकाशा दाखवायला येतात. त्यात स्वयंपाकघर असतं, गल्ला असतो, फॅमिली हॉल असतो. गाडी रस्ता सोडून आत कुठे शिरणार आणि परत रस्त्याला कुठे लागणार, एवढंच नसतं. विचारलं की म्हणतात, "समोर सगळं मोकळंच आहे की, कुठूनही या!" हे 'कुठूनही'च जीव घेतं. दर्शनी बाजू सलग 40 मीटर उघडी असली, तर पुढची गाडी कुठे वळणार हे मागच्याला कळत नाही. ग्राहक दुकानाकडे तोंड करून गाड्या लावतात आणि निघताना उलट्या, पाठीमागे न बघता, थेट वाहत्या रस्त्यावर काढतात.

अशाच एका काकांना आम्ही सुचवलं, की मधला भाग गुडघ्याएवढ्या कट्ट्याने बंद करा, एक वाट आत यायला आणि एक बाहेर जायला ठेवा. काका चिडले. "गिऱ्हाईक यायचं तिथे भिंत घालू?" त्यांची सूनबाई शेजारीच उभी होती. ती म्हणाली, "बाबा, संध्याकाळी मुलं याच जागेत सायकल चालवतात." कट्टा झाला. त्यावर झाडं लावायची असतील तर बुटकीच लावा, नाहीतर नजर अडते.

दुकानात रस्त्याकडे तोंड करून उभे राहिलात, तर आपल्या बाजूची वाहनं उजवीकडून येतात. म्हणून आत यायची वाट उजव्या टोकाला, बाहेर जायची डाव्या. फाटक लावायचंच असेल तर बरंच आत लावा. यात्रेकरूंची बस 12 मीटर लांब असू शकते. ती फाटक उघडण्याची वाट पाहत उभी राहिली, तर तिची शेपटी रस्त्यावर नको. आणि आत एवढी जागा हवी, की कुठल्याही वाहनाला उलटं बाहेर पडावं लागू नये. टेबलं चार कमी झाली तरी चालतील.

आता नजरेचं. ताशी 80 किलोमीटरने धावणारी गाडी सेकंदाला 22 मीटर जाते. समोरचं दिसून, उमजून ब्रेकवर पाय पडेपर्यंत आमच्या हिशेबात अडीच सेकंद धरतात, म्हणजे 55 मीटर तिथेच गेले. पूर्ण थांबायला भारतीय रस्ते काँग्रेसच्या मानकात 120 मीटर आहेत, 60 च्या वेगाला 80. हे घरच्या घरी तपासता येतं. बाहेर पडायच्या वाटेवर, डांबराच्या कडेपासून थोडं आत, प्लास्टिकची खुर्ची टाकून बसा. मोटारचालकाचे डोळे साधारण तेवढ्याच उंचीवर असतात. उजवीकडे 120 मीटरवरची मोटारसायकल दिसते का? बहुतेकदा आड येतो तो आपलाच फ्लेक्स, नाहीतर आपणच उभी करू दिलेली नारळपाण्याची गाडी. रात्री पुन्हा बसून बघा. दुकानाचे झगझगीत दिवे रस्त्याकडे रोखलेले असतील तर येणाऱ्याचे डोळे दिपतात. उजेड वाटेवर पाडा.

पाण्याकडे तर कुणी बघतच नाही. गाडी आत घ्यायची म्हणून कडेची गटार मुरूम टाकून बुजवतात. आपली माळव्याची काळी माती पाणी प्यायली की फुगते, वाळली की भेगाळते. तुंबलेलं पाणी रस्त्याच्या पोटात शिरतं आणि दोन पावसाळ्यांत डांबर उकलतं. तेव्हा खाली पाइप किंवा मोरी हवीच, आणि उतार रस्त्याकडून आत, तुमच्या जागेकडे. उलटा ठेवलात तर तुमचा चिखल डांबरावर येतो आणि पहिल्या सरीला दुचाकीवाला घसरतो. ते पाणी जागेतच अडवून गटारीला नेण्याची सोय तुम्ही करायची.

पलीकडच्या ग्राहकासाठी रात्रीतून दुभाजक फोडणारेही आहेत. ठेकेदार सांगतो, "भिया, सगळेच करतात." मग त्या फटीतून दुचाकी उलट दिशेने येतात, आणि समोरच्या ट्रकवाल्याच्या ध्यानीमनीही नसतं. पलीकडचा माणूस पुढच्या अधिकृत वळणावरून येऊ दे. चहा चांगला असला की येतो.

परवानगी जोतं घालायच्या आधी घ्या. राष्ट्रीय महामार्गाला वाट जोडायला 2002 च्या कायद्याने परवानगी लागते. बाकी रस्त्यांना, रस्ता ज्याच्या ताब्यात त्याची. आणि त्याहीआधी हद्दीचा दगड शोधा. रस्ता रुंद होताना हद्दीतला ओटा, पायरी, उतार सगळं जातं, मग वाट नव्याने आखायला जागाच उरत नाही. दगड सापडत नसेल तर मोजणी करून घ्या. नकाशा घेऊन कुणाला आमच्याकडे यायचं असेल, तर विसर्जनानंतर या. तोवर आम्ही मिरवणुकीच्या रस्त्याचे खड्डे बुजवतो आहोत.