घरातील गॅसची शेगडी : जपणूक आणि दुरुस्ती
(संस्थेच्या मासिक सभेत दिलेल्या भाषणाचा मजकूर)



मी बँकेतला कारकून आहे, इंजिनिअर नाही. तरीही कार्यकारिणीने हा विषय माझ्याकडे दिला, याचे कारण आमच्या चाळीत कोणाची शेगडी बिघडली की हाक मला येते. आज सांगणार ते सारे हाताखालून गेलेले आहे.

आपल्या आधीच्या पिढीने चुलीचा धूर सोसला, रॉकेलच्या रांगा लावल्या, वातीचा स्टोव्ह पेटवला. गॅस आपल्या घरी उशिरा आला. २०१६ साली उज्ज्वला योजना सुरू झाल्यावर तो खेड्यापाड्यांतल्या घरांतही पोहोचला. टाकी घरात आली, पण तिची माहिती सोबत आली का? बहुतेक घरांत शेगडी स्वयंपाक करणाऱ्या बाईच्या माथी आणि बाकीचे फक्त जेवायला, अशी वाटणी असते. गॅस गळला तर धोका मात्र साऱ्या घराला असतो. म्हणून ही माहिती घरातल्या प्रत्येकाला हवी, मुलग्यांना तर आवर्जून हवी.

प्रथम शेगडी कशी चालते ते पाहू. टाकीत गॅस दाबाखाली द्रवरूपात असतो. घरगुती मोठ्या टाकीत तो १४.२ किलो भरतो. रेग्युलेटर त्याचा दाब कमी करतो. मग तो नळीतून शेगडीत येतो आणि जेटच्या बारीक छिद्रातून जोराने बाहेर पडताना आजूबाजूची हवा ओढून घेतो. गॅस आणि हवा बर्नरखालच्या नळकांड्यात मिसळतात आणि बर्नरच्या छिद्रांशी जळतात. एवढे ध्यानात ठेवले की निम्मे बिघाड आपोआप उलगडतात.

ज्योत निळी आणि स्थिर असावी. ती पिवळी झाली, पातेल्याचे बूड काळे पडू लागले, तर गॅसला पुरेशी हवा मिळत नाही असे समजावे. उतू गेलेले दूध, वरणाचे पाणी छिद्रांत वाळून बसलेले असते, किंवा नळकांड्यात धूळ, जाळे, कधी झुरळ अडकलेले असते. टाकीचा रेग्युलेटर बंद करून, शेगडी गार झाल्यावर बर्नर काढावा. गरम पाण्यात साबण किंवा खाण्याचा सोडा टाकून तो भिजत ठेवावा, ब्रशने घासावा, छिद्रे पिनेने मोकळी करावीत. पूर्ण कोरडा झाल्यावरच जागेवर नीट बसवावा. तो तिरका बसला तर ज्योत आत शिरून फट्‌ असा आवाज येतो.

ज्योत मंद असेल तर स्वतःला एक प्रश्न विचारा : एकच बर्नर मंद आहे की दोन्ही? दोन्ही मंद असतील तर दोष मागे आहे. टाकी संपत आली असेल, नळी कुठे दुमडली असेल किंवा रेग्युलेटर खराब असेल. एकच मंद असेल तर दोष त्याच बर्नरचा किंवा जेटचा. बँकेत दिवसअखेर हिशेब जुळला नाही की आम्ही आधी कोणत्या काउंटरचा फरक आहे ते शोधतो, सारी वह्यापुस्तके उलटीपालटी करत नाही. इथेही तसेच आहे.

जेटमध्ये जाड सुई किंवा तार घालू नका. ते पितळ मऊ असते. छिद्र एकदा मोठे झाले की गॅस जादा येऊ लागतो आणि तो जेट बदलावाच लागतो. शेगडीचा कॉक घट्ट झाला तर पक्कड लावू नका, खाण्याचे तेल सोडू नका. आतले ग्रीस वाळलेले असते. ते काम मेकॅनिकचे.

टाकी संपत आली की काही जण ती आडवी करतात, काही जण गरम पाण्यात ठेवतात. दोन्ही प्रकार घातक आहेत. आडव्या टाकीतून द्रव थेट रेग्युलेटरकडे येतो. टाकी नेहमी उभी, मोकळ्या हवेत आणि शेगडीपेक्षा खालच्या पातळीवर असावी. ओट्याखालच्या बंद कपाटात ती कोंडू नये.

आता नळीबद्दल. इथे काटकसर करू नये. तारेची जाळी असलेली नारिंगी सुरक्षा नळी आयएसआय चिन्ह पाहूनच घ्यावी आणि पाच वर्षांनी बदलावी. तिच्यावर छापलेले साल वाचावे. चिरा दिसल्या, उंदराने कुरतडली, तर मुदतीची वाट पाहू नये. नळीवर प्लॅस्टिकचे वेष्टण किंवा कापड गुंडाळू नये, कारण मग चीर दिसतच नाही.

नवी टाकी घेताना तीन गोष्टी पाहाव्यात. सील शाबूत आहे का? वजन बरोबर आहे का? रिकाम्या टाकीचे वजन तिच्यावरच लिहिलेले असते. त्यात १४.२ मिळवले की भरलेल्या टाकीचे वजन येते. ते करून दाखवा असे सांगण्याचा ग्राहकाला हक्क आहे. तिसरी गोष्ट तपासणीची मुदत. वरच्या कड्याच्या पट्टीवर आतून एक अक्षर आणि साल असते. ए म्हणजे जानेवारी ते मार्च, बी एप्रिल ते जून, सी जुलै ते सप्टेंबर, डी ऑक्टोबर ते डिसेंबर. ‘डी २८’ म्हणजे ती टाकी २०२८ च्या डिसेंबरपर्यंत चालेल. मुदत उलटलेली टाकी परत करावी. झाकण काढल्यावर व्हॉल्व्हमधले रबरी वॉशर जागेवर आहे ना, हेही पाहावे.

गळतीची शंका आली तर साबणाचा फेस जोडांवर लावावा. बुडबुडे आले तिथे गळती. काडी ओढून कधीही पाहू नये.

घरात वास भरला असेल तर घाबरू नका, पण क्रम चुकवू नका. या गॅसला मुळात वास नसतो, तो आपल्याला कळावा म्हणून घातलेला असतो. आधी जळती शेगडी, अगरबत्ती, मेणबत्ती विझवा. कॉक आणि रेग्युलेटर बंद करा. दारे-खिडक्या उघडा. विजेचे कोणतेही बटण चालू करू नका आणि बंदही करू नका. पंखासुद्धा नाही. हा गॅस हवेपेक्षा जड असून जमिनीलगत साचतो आणि एक ठिणगी त्याला पुरते. मुलांना, म्हाताऱ्यांना बाहेर काढा आणि बाहेर गेल्यावरच १९०६ या क्रमांकावर फोन करा. तो चोवीस तास चालतो.

शहरांत आता पाईपचा गॅस आला आहे. तो हवेपेक्षा हलका असतो, म्हणून वर चढतो. टाकीची शेगडी त्याला जशीच्या तशी जोडता येत नाही, जेट बदलावे लागतात. ते कंपनीच्या माणसाकडूनच करून घ्यावे.

विद्यार्थी मित्रांनो, तुमच्यापैकी काही जण शिक्षणासाठी खोली घेऊन राहाल. छोट्या टाकीत बेकायदा गॅस भरून देणारे तुम्हाला भेटतील. चार पैसे वाचतात म्हणून ती घेऊ नका. अधिकृत विक्रेत्याकडे पाच किलोची टाकी मिळते. खोलीची खिडकी उघडी ठेवा, झोपण्यापूर्वी रेग्युलेटर बंद करा.

शेवटी एक विनंती. आज घरी गेल्यावर नळीवरचे साल आणि टाकीवरचे अक्षर वाचा, आणि ते घरातल्या सर्वांना दाखवा. पाच मिनिटांचे काम आहे. कोणाला वाचता येत नसेल तर शेजाऱ्याने वाचून द्यावे. तेही समाजकार्यच आहे.