फुकटातली वेबसाइट आणि तिची झाडझूड

आम्ही वलगावच्या बचत गटाच्या बाया बोलतो आहोत. आज पापड-कुरडयांच्या कृती सांगणार नाही. त्या विकण्यासाठी आम्ही जी वेबसाइट चालवतो, तिच्या कटकटी सांगणार आहोत. कारण आता पुष्कळ गटांना प्रशिक्षणात सांगतात, वर्डप्रेसवर वेबसाइट करा, फुकट आहे. फुकट आहेच. पण फुकटचं वासरू घरी आणलं तरी कडबा-पाणी आपल्यालाच करावं लागतं, हे कोणी सांगत नाही.

आधी हे वर्डप्रेस म्हणजे काय ते पाहू. बाजारात दुकान लावायचं तर गाळा लागतो, वर पाटी लागते आणि आत फळ्या-मांडणी लागते. वेबसाइटचंही तसंच. पाटी म्हणजे वेबसाइटचं नाव, त्याला डोमेन म्हणतात. गाळा म्हणजे होस्टिंग. या दोन्हींचं दरवर्षी भाडं भरावं लागतं. आतली मांडणी म्हणजे वर्डप्रेस, आणि फुकट आहे ती तेवढीच. आमच्या अध्यक्ष काकूंनी पहिल्याच बैठकीत विचारलं होतं, "मंग फुकट काय हाय वं?" प्रश्न बरोबर होता.

हे वर्डप्रेस आलं मे २००३ मध्ये. त्याच्या आधी बी-टू नावाचा एक कार्यक्रम होता. तो लिहिणारा माणूस मध्येच दिसेनासा झाला आणि वापरणारे लटकले. पण तो कार्यक्रम मुक्त होता, म्हणजे कोणीही उघडून पाहावा, सुधारावा आणि दुसऱ्याला द्यावा असा. म्हणून अमेरिकेतला मॅट मुलनवेग नावाचा १९ वर्षांचा पोरगा आणि इंग्लंडमधले माइक लिटल यांनी तो उचलला आणि पुढे नेला. आज जगातल्या दर दहा वेबसाइटींपैकी चार तरी वर्डप्रेसवर चालतात. त्याचा पडदा मराठीतही करून घेता येतो.

आमची वेबसाइट एका इंजिनिअरिंगच्या विद्यार्थ्याने कॉलेजचा प्रकल्प म्हणून करून दिली. पैसा घेतला नाही. पोरगा गुणाचा. पुढे तो पास होऊन पुण्याला नोकरीला लागला, आणि आम्ही फोटो चढवत, भाव बदलत गाडा चालू ठेवला.

आता अपडेटचं ऐका. वर्डप्रेस वेगळं, त्याचं रूप ठरवणारी थीम वेगळी, आणि ऑर्डर घ्यायला, फोटो दाखवायला लहान लहान प्लगइन वेगळे. प्रत्येकाचा लिहिणारा वेगळा आणि प्रत्येकाची सुधारणा वेगळ्या दिवशी. चार जावा एका चुलीवर, आणि कोणी कोणाला विचारून फोडणी देत नाही. सुधारणा न घ्यावी तर चोराला दार उघडं राहतं, आणि घ्यावी तर कधी एकीचं दुसरीशी पटत नाही.

ऐन वैशाखात तेच झालं. आमच्याकडे पुण्याच्या एका बाईंची रुखवताची ऑर्डर होती. कुरडया, सरगुंडे, पापड. माहेर त्यांचं इकडचंच. त्यांनी फोनवर सांगितलं, वेबसाइटवर पाहून नग ठरवते आणि पैसे पाठवते. कुरडईचा गहू तीन दिवस भिजवावा लागतो, रोज पाणी बदलावं लागतं, तुम्हाला माहीत आहे. आम्ही गहू भिजत घातला. रात्रीतून ऑर्डरच्या प्लगइनची सुधारणा आपोआप झाली, थीम जुनीच राहिली. सकाळी पाहतो तर पान पांढरं. वर एकच ओळ, गंभीर बिघाड झाला आहे.

अशा वेळी वर्डप्रेस मुकाट बसत नाही. २०१९ पासून त्यात सोय आहे, बिघाड झाला की ते चालवणाऱ्याच्या ईमेलवर एक दुवा पाठवतं. त्यातून आत शिरलं की बिघडलेलं प्लगइन बंद करता येतं. तो ईमेल गेलासुद्धा. पण गेला पोराच्या कॉलेजच्या पत्त्यावर, आणि पोरगा पास झाल्यावर कॉलेजने तो पत्ता बंद केलेला. होस्टिंगवाल्या कंपनीला फोन लावला तर तिकडून इंग्रजीत सांगतात, तिकीट काढा. काकू म्हणाल्या, "एसटीचं का?" तिकीट म्हणजे लेखी तक्रार, हे कळायला अर्धा दिवस गेला आणि उत्तर यायला दोन.

शेवटी रात्री पोराने पुण्याहून फोनवर सांगत सांगत आमच्या सचिव ताईंकडून काम करून घेतलं. होस्टिंगच्या खात्यात फायलींची खोली असते. तिथे त्या प्लगइनच्या फोल्डरचं नाव बदललं. नाव बदललं की वर्डप्रेसला ते सापडत नाही, आणि ते तेवढं बंद पडून बाकीचं पान उघडतं. ताई नववी पास आहेत. एका फोल्डरच्या नावापुढे एक आकडा जोडला आणि दुकान उघडलं.

पण तोवर तीन दिवस गेले होते. पुण्याच्या बाईंनी पांढरं पान पाहिलं आणि त्यांना वाटलं, कोणी फसवणारे दिसतात. त्यांनी रुखवताचं सामान तिकडेच घेतलं. त्यांचा काय दोष? इकडे गव्हाचा चीक तयार होता. तो थांबत नाही. कुरडया घातल्या, वाळवल्या, डबे भरले आणि पावसाळाभर मिळेल त्या भावाने विकल्या.

दुसरा ताप मराठीचा. आमची मालाची जुनी यादी एका छपाईवाल्याकडे टाइप केलेली होती. ती वेबसाइटवर चिकटवली तर सगळी इंग्रजी अक्षरांची गिचमीड. जुन्या फॉन्टात इंग्रजी अक्षराच्या जागी मराठी अक्षराचं नुसतं चित्र बसवलेलं असतं. तो फॉन्ट नसला की खालचं इंग्रजी उघडं पडतं. युनिकोडमध्ये प्रत्येक मराठी अक्षराला स्वतःचा क्रमांक आहे, म्हणून ते कुठेही मराठीच दिसतं. छपाईवाल्याला आधीच सांगा, युनिकोडमध्ये टाइप करून द्या म्हणावं.

आणि पानाचा पत्ता. वर्डप्रेस शीर्षकावरूनच पत्ता बनवतं. आतल्या हिशेबात मराठीचं एक अक्षर नऊ खुणांचं होतं, काना-मात्रासुद्धा वेगळे मोजले जातात, आणि पत्त्याला मर्यादा दोनशे खुणांची. 'वऱ्हाडी पद्धतीचे ज्वारीचे पापड' एवढं शीर्षक दिलं तर पत्ता 'ज्वारी'पाशीच संपतो, पापड बाहेर. व्हॉट्सॲपवर पाठवला तर बोटभर टक्क्यांच्या खुणा दिसतात, आणि समोरचीला वाटतं काही व्हायरस पाठवला. उपाय सोपा आहे. पान छापण्याआधी पत्त्याच्या चौकटीत इंग्रजी अक्षरांत छोटं नाव लिहायचं. शीर्षक मराठीच राहू द्या.

फोटोचंही एक. पुष्कळ होस्टिंगवर दोन एमबीहून मोठी फाइल चढत नाही, आणि आजचे मोबाइल चार-पाच एमबीचे फोटो काढतात. आम्ही फोटो आधी गटाच्या व्हॉट्सॲपवर टाकतो. तिथे तो आपोआप बारीक होतो. मग तोच उतरवून चढवतो. शहाणे लोक हसतील, पण काम होतं.

प्रशिक्षणात मिळालेल्या झेरॉक्स पानांवर विसंबू नका. २०१८ च्या डिसेंबरात वर्डप्रेसची लिहायची खिडकीच बदलली, आता सगळं ठोकळ्या-ठोकळ्यांनी लिहावं लागतं. आम्हाला मिळालेल्या चित्रांत मात्र जुनीच खिडकी होती. ज्यांचा हात जुन्यावर बसला आहे त्यांच्यासाठी क्लासिक एडिटर नावाचं प्लगइन आहे, जुनी खिडकी परत येते.

मग कचरा. रात्रीतून पानाखाली परदेशी भाषेतले शेरे येऊन पडतात, औषधांचे, जुगाराचे. ते माणसं लिहीत नाहीत, यंत्रं लिहितात. गाडगेबाबांनी २० डिसेंबर १९५६ रोजी देह ठेवला तो आमच्या वलगावजवळ, पेढी नदीच्या पुलापाशी. गावात आले की बाबा आधी खराटा घेत आणि कीर्तन रात्री करत. आमच्या ताई सकाळी वेबसाइट उघडताना म्हणतात, "चाला, आधी खराटा." आता आम्ही शेरे लिहिण्याची सोयच बंद केली आहे. मालाची चौकशी फोनवर येते, तेवढं पुरे.

मोठ्या लोकांची भांडणंही फुकटच्या वस्तूला लागतात बरं. २०२४ च्या सप्टेंबरात मुलनवेग आणि डब्ल्यूपी इंजिन नावाची मोठी होस्टिंग कंपनी यांचं जुंपलं. त्या कंपनीला वर्डप्रेसच्या भांडारातून सुधारणा मिळणं बंद केलं गेलं. तिच्याकडे गाळा घेतलेल्यांचे काही दिवस हाल झाले. डिसेंबरात अमेरिकेच्या कोर्टाने वाट पुन्हा उघडायला लावली. आमचा गाळा तिथे नव्हता. पण बैठकीत एकीने विचारलं, "त्यायच्या भांडणात आपला सामान कावून अडकावा?" म्हणून दर महिन्याला आम्ही वेबसाइटची पूर्ण प्रत उतरवून पेन ड्राइव्हवर घेतो. ती हातात असली की गाळा बदलता येतो.

आता आमच्याकडे हे असं चालतं. गटाच्या पैशाची पेटी एकीकडे आणि किल्ली दुसरीकडे असते, तसंच इथेही केलं. वेबसाइटसाठी गटाच्या नावाचा ईमेल काढला. डोमेन, होस्टिंग आणि वर्डप्रेस तिन्हींकडे तोच पत्ता दिला. पासवर्ड बंद पाकिटात पेटीत, आणि ईमेल ज्या मोबाइलवर उघडतो तो सचिव ताईंकडे. सुधारणा बुधवारी सकाळी दोघींनी बसून घ्यायच्या, आधी प्रत उतरवून. ऑर्डर चालू असली तर तो बुधवार सोडायचा, पण पुढचा नाही. डोमेन आणि होस्टिंगच्या मुदतीच्या तारखा ठराववहीच्या पहिल्या पानावर लिहिल्या आहेत. होस्टिंग पहिल्या वर्षी स्वस्त लावतात आणि दुसऱ्या वर्षी भाव चढवतात, तेव्हा घेताना दुसऱ्या वर्षाचा दर विचारा. आमची मुदत जूनमध्ये संपते, नेमकी बी-बियाण्याच्या आणि पोरांच्या शाळेच्या दिवसांत, म्हणून दर बैठकीला दहा दहा रुपये वेगळे काढून ठेवतो.